पांढरीतले पेव न फोडणेबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तालुका अंबड.

विषय : पांढरीत, म्हणजे गावठाणात, जमिनीखाली खणलेले गावाच्या राखणीचे जवारीचे पेव सोमवारी फोडण्यास दिलेली परवानगी रद्द करणेबाबत.
संदर्भ : पोलीसपाटील भुजंग यांची अर्जी व त्यावरील आपला हुकूम.

महोदय,

अर्जदार लिहिते की, भुजंग हा माझ्या धाकट्या दिराचा लेक. पाटीलकी आल्यापासून त्याची मान ताठ झाली आहे आणि कान बंद. मला चार माणसांत म्हणाला, "मोठेमाय, तुम्ही चुलीपाशी बसा." चूल मी त्याच्या जन्माआधीपासून सांभाळते, ती कशाने पेटते ते मला कळते.

१. अखितीला चार ढेकळांवर पाण्याची घागर मांडतात. जेठ, आखाड, श्रावण, भादवा. ज्याचे ढेकूळ भिजले तो महिना पावसाचा. घागर आधी भिजत ठेवून तिचा घाम काढावा लागते. यंदा भुजंगाने बायकांना बाजूला सारून कुंभाराची कोरी घागर तशीच मांडली. कोरी घागर चहूकडून पाझरते. चारी ढेकळे विरघळली. झालं! चारी महिने पाऊस बिलकुल बराबर, असे त्याने चावडीत सांगितले व आपणांसही लिहिले.

२. बरे, ढेकळे खरी धरली तरी ती एका पावसाळ्याची. पेव एका पावसाळ्यासाठी भरलेले न्हाई. चांगली सालं रांगेने येतात तशी वाईटही रांगेनेच येतात, हे माझ्या सासूने दाखवले व मी भोगले. औंदा पीक चांगले, तरी गोदावरीच्या डोहातला काळा खडक चैतातच उघडा पडला. असा तो मी पूर्वी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा पुढची सालं कोरडी गेली, आणि दुसऱ्या वेळी माझी नणंद दुर्गाबाई लेकरांना घेऊन गाव सोडून गेली ती परत दिसली न्हाई.

३. खडक दर वेळी खरंच बोलते असे माझे म्हणणे न्हाई. पुढचं मला कळत न्हाई, भुजंगाला न्हाई, माफ करा, आपणांसही न्हाई. कळत असतं तर पेव कशाला खणलं असतं?

४. पेवाचे तोंड एकदा फोडले की हवा लागते. मंग ते सगळे उपसावेच लागते, पुन्हा बुजवता येत न्हाई. सरकारी धान्यवसुलीत जास्तीची लेव्ही घालून आपल्या हातून मानाचा शेला घेण्याची भुजंगास हौस आहे. साहेब, शेला माझ्याकडे आहे, कोरा आहे, तो मी त्याला देते. जवारी राहू द्यावी.

सबब, हुकूम सोमवारच्या आत फिरवावा. तोवर मी पेवाच्या तोंडावरच्या शिळेवर बसले आहे आणि हे तिथूनच लिहीत आहे.

आपली, परंतु हलणार नाही अशी,
तुळजाबाई, भ्रतार कै. रामराव पाटील
मौजे पिंपळढव, वडीगोद्रीशेजारी
वैशाख वद्य, फसली १३५५

सोबत : कोऱ्या घागरीखाली आज भिजवलेले ढेकूळ एक, फडक्यात. (अंबडला पोचेतो वाळले, तर साहेबांनी तेही ध्यानात घ्यावे.)

ता. क. सही करते तोच भुजंग कुदळवाले घेऊन आला. "उठा," म्हणाला. आपल्या दप्तरी राहावे म्हणून, मी सर्वांसमक्ष त्याला जे बोलले ते लिहिते : "भुजंगा, तू गावाचा पाटील हाईस, पावसाचा न्हाईस."