सहाव्या प्रश्नापुढचे ‘नाही’

रत्नागिरी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शकूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे फोनवर सांगता आले असते. परंतु तुमच्याकडे फोन ओटीवर बसून सर्वांनी ऐकायचा असतो आणि हा मजकूर सर्वांनी ऐकण्याजोगा नाही. शिवाय फोनच्या पडद्याकडे पाहिले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. म्हणून टपाल.

डोळे कोरडे पडण्याचा माझा विकार बळावला आहे. पापण्यांच्या कडांत तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या बंद झाल्यामुळे पाणी डोळ्यांत टिकत नाही, असे डॉक्टर म्हणतात. बुबुळावर ओरखडे दिसू लागले आहेत. त्यांनी प्रकाशोपचार सुचवला आहे. डोळ्यांवर झाकणे ठेवून, खालच्या पापणीलगत गालावर तीव्र प्रकाशाचे झोत मारायचे. तीन-तीन आठवड्यांनी, चार वेळा. पहिली वेळ २८ तारखेची आहे. पुष्कळांना गुण येतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

मी मात्र शांत नाही. संमतिपत्रात लिहिले आहे की लाली व सूज येऊ शकते. सावळ्या वर्णाच्या त्वचेवर भाजल्याचे व्रण पडू शकतात. झाकण सरकल्यास डोळ्याच्या आतील भागास क्वचित इजा संभवते. क्वचित! गेल्या वर्षी विमलेच्या हृदयाच्या तपासणीपूर्वी मी सही केली, त्या कागदावरही हाच शब्द होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशात पाहावा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्याच्या अर्जातला सहावा प्रश्न असा होता: त्वचेचा काही विकार आहे काय, आणि त्वचेला प्रकाश सोसेनासा करणारे एखादे औषध चालू आहे काय. अर्ज भरून घेत होती सलोनी, तुझ्या संस्कृतीच्या नियोजित वराची, ऋत्विकची, चुलत बहीण. ती त्या दवाखान्यात काम करते. मामा, तुमच्या पापण्यांना आता तेलपाणी करायला हवं, अशी थट्टाही तिने केली. मी ‘नाही’ असे लिहिले.

माझ्या पाठीवर कोडाचा डाग आहे आणि त्यासाठी मी वीस वर्षे बावचीचे चूर्ण घेतो, हे विमला गेल्यावर फक्त तुला ठाऊक आहे. संस्कृतीचे लग्न पार पडेपर्यंत ते कोणालाही कळू देणार नाही, असा शब्द मी तुला दिला आहे. तो पाळला. परंतु खोटे लिहिल्यापासून मला झोप नाही.

सर्वांस यथायोग्य सांगावे. ममता आहेच, ती या कबुलीनंतरही असू द्यावी.

तुझा,
आत्माराम


राजापूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शकूचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तू विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस, तुझ्या हाती संमतिपत्र द्यायलाच नको होतं. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव वाचत बसला होतास, ते आई मरेपर्यंत सांगायची. अरे, डॉक्टर काय रोज लोकांचे गाल भाजत बसतात? वहिनींचं झालं ते आपलं नशीब. प्रत्येक कागदात तेच शोधत राहिलास तर जगशील कसा?

आणि ‘नाही’ लिहिलंस ते उत्तम केलंस. सुपारी फुटलीय, वैशाखात लग्न. ऋत्विकच्या आईबद्दल मी ऐकलंय ते तुला सांगते. तिच्या भाचीच्या हातावर डाग निघाला तेव्हा, आता हिला कोण करून घेणार, असं भरल्या घरात म्हणणारी ही पहिली. तो डाग लागट नसतो, एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. वेळणेश्वरला त्यांच्या घरी जाऊन त्यांना कोण शिकवणार? तू कागदावर लिहायचं, सलोनीने वाचायचं, आणि संध्याकाळच्या आत ते तिकडे पोचायचं.

बावचीचं म्हणशील तर तो झाडपाला. औषध म्हणजे दुकानातून चिठ्ठी दाखवून आणतात ते. तेवढ्यानं तू खोटारडा होत नाहीस. लग्न होऊ दे, मग हवं तर गावभर दवंडी पिटव.

सोबत सोलं पाठवते आहे. कढी करून जेव, नुसता चहा पिऊन दिवस काढू नकोस. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी,
शकू


रत्नागिरी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद.

सोले मिळाली. कढी केली; विमलेच्या हातची झाली नाही.

काल डॉक्टरांनी त्वचेची परीक्षा म्हणून उजव्या कानापुढे एकच झोत मारून पाहिला. रबराचा पट्टा ताणून सोडावा तसा चटका बसला. सायंकाळपर्यंत लाली होती. आज सकाळी तेथे सुपारीएवढा फोड आहे. डॉक्टरांनी काही झाल्यास तत्काळ कळवण्यास बजावले होते. मी कळवलेले नाही. रुमाल धरून शेजारच्या गंगावहिनींसमोरून गेलो, तर दाढ दुखतेय का भावोजी, म्हणून त्यांनी लवंग आणून दिली. मी ती घेतली. हे दुसरे असत्य.

तू बावचीला झाडपाला म्हणतेस. वीस वर्षे मीही तसेच म्हणत आलो. परंतु वैद्यांनी काय सांगितले होते ते आठव. चूर्ण घ्यायचे आणि डाग सकाळच्या उन्हात धरायचा. विमला परसात माझ्यामागे घड्याळ घेऊन उभी राही. वेळ झाली की शर्ट पुढे करी, कारण अधिक बसलो तर कातडी भाजे. शकू, त्वचेवर उजेडाचा परिणाम व्हावा, एवढ्यासाठीच मी ते घेत होतो. मी पदवीधर मनुष्य, आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात घालवले, आणि सहावा प्रश्न वाचताना हे माझ्या ध्यानात आले नाही. की आले होते आणि मी ते बाजूला सारले?

चूर्ण बंद करावे, तर बरणीत आहे ते तिने वस्त्रगाळ केलेले शेवटचे. रोज सकाळी चिमूट घेतो, तेवढाच वेळ ती परसात आहे असे वाटते. आज घेतले नाही. हात बरणीपर्यंत गेला होता.

पुढचा झोत डोळ्याच्या खाली आहे. न जावे, तर ओरखडे वाढत आहेत. उजव्या डोळ्याने वर्तमानपत्राचा फक्त मथळा वाचता येतो. जावे, तर खरे सांगून जावे लागेल. मला भय वाटते. दृष्टी गेल्यावर या घरात एकटे राहण्याचे भय. विमलेचा फोटोही मग चाचपडून पुसावा लागेल.

तुला दिलेल्या शब्दातून मला मोकळा कर. २८ च्या आत उत्तर यावे. कृपा राहू दे.

तुझा,
आत्माराम


राजापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस संस्कृतीचा सा. न.

उत्तर आईचं यायला हवं होतं. तुमचं पत्र आल्यापासून तिने चार कागद फाडले. पत्र आलं त्या रात्रीच्या भाताला मीठ नव्हतं आणि बाबांसकट सगळ्यांनी तो तसाच खाल्ला. शेवटी तिने पत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, तूच काय ते ठरव, मला भाऊही हवा आणि जावईही हवा.

मामा, आधी मला राग आला तो तुम्हा दोघांचाच. माझ्या लग्नासाठी तुम्ही आंधळे व्हायला निघालात, आणि ते मला विचारावंसं कुणालाच वाटलं नाही?

मी ऋत्विकला फोन करून सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, मला काही नाही, पण आईला सांगावं लागेल. ते परवा झालं. तिकडून अजून काहीच आलेलं नाही. आई फोन वाजला की पदर तोंडाला लावते. मीही घाबरले आहे, उगाच शूर असल्याचं लिहीत नाही. पण सलोनीपासून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

पत्र मिळताच दवाखान्यात जा. २८ ची वाट बघू नका. फोड दाखवा. बरणी सोबत न्या. आईचा तुम्हाला नमस्कार, ती रडते आहे. भाचीवर लोभ होता तसाच असू द्या.

तुमची,
संस्कृती


रत्नागिरी,
१६ मार्च २०२५

चि. सौ. शकू व चि. संस्कृती, दोघींस आशीर्वाद.

पत्र २५ तारखेस दुपारी मिळाले. तीन वाजता मी दवाखान्यात होतो. सलोनीस म्हणालो की सहाव्या प्रश्नाचे उत्तर मला दुरुस्त करावयाचे आहे. तिने अर्ज काढला, माझे ‘नाही’ एका रेघेने खोडले आणि मी सांगितले ते वळणदार अक्षरात लिहून घेतले. मान वर केली नाही. शेवटी मात्र हळूच विचारले, मामा, हे एवढे दिवस एकट्याने कसं निभावलंत? मी बरणी तिच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बरणीचे झाकण उघडून वास घेतला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे वाटले असते. फोड बावचीमुळेच आला असे खात्रीने सांगता येणार नाही, म्हणाले. पण ती पोटात असताना आणि कोडाची प्रवृत्ती असताना हे यंत्र मी तुमच्या चेहऱ्याजवळ आणलेच नसते, असेही म्हणाले. पापणीलगत असा फोड उठला असता तर काय झाले असते, ते त्यांनी सांगितले. मी ते येथे लिहीत नाही.

प्रकाशोपचार रद्द झाला. तूर्त गरम कापडाचा शेक, पापण्यांचे मर्दन, थेंब आणि रात्री मलम. ओरखडे वाढणे थांबले आहे. चूर्ण बंद आहे. सकाळी परसात जात नाही. त्या वेळी काय करावे ते अजून सुचलेले नाही.

फोडाची खपली पडली. खाली पांढरा डाग उमटला आहे, कानापुढे, रुपयाएवढा. रंग परत येईल की तो पसरेल, हे त्वचेच्या डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. मी रोज सकाळी आरशात त्याच्या कडा पाहतो.

शकू, काल तू फोनवर सांगितलेस की ऋत्विकच्या वडिलांचा, रावजींचा, निरोप आला. लग्न ठरल्याप्रमाणे होईल. मात्र ऋत्विकच्या आईचे म्हणणे असे की मंगलाष्टकांच्या वेळी वधूच्या मागे मामा म्हणून तुझ्यामाझ्या चुलतभावाने, विनोदने, उभे राहावे. फोटोत म्हणे डाग कायमचा राहतो. एवढ्यावर भागले, देव पावला, असे तू म्हणालीस, आणि मी ‘बरे’ म्हटले. ते ‘बरे’ मी मागे घेत आहे.

त्या बाईंवर मी रागावलेलो नाही. त्यांचे भय मला परके नाही. मी तेच शर्टाखाली वीस वर्षे वागवले. परंतु त्या भयाने मला काय करायला लावले, ते मी या महिन्यात पाहिले. रावजींना आज स्वतंत्र पत्र लिहिले आहे. डाग लागट नाही, याबद्दल त्यांनी कोणत्याही डॉक्टरांस विचारावे, आणि वधूचा मामा मी आहे, एवढेच दोन मुद्दे त्यात आहेत.

संस्कृती, तू नको म्हणालीस तर मी मांडवात येणार नाही आणि मनात काही ठेवणार नाही. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मात्र मागे होणार नाही. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने राजापुरास पोहोचेन. रुमाल धरणार नाही. लोक काय म्हणतील, वेळणेश्वरकर ऐन वेळी उठून जातील काय, याचे भय मला या क्षणीही वाटते. अक्षरावरून ते दिसतच असेल. तरीही पत्र आजच पेटीत टाकीत आहे. उद्यापर्यंत ठेवले तर कदाचित टाकणार नाही.

मजवर जीव आहे तसाच असू द्यावा.

तुमचा,
आत्माराम