नऊ जणांपुढे एक राक्षस

रविवार, बदलापूर

आज पुन्हा फसलं. गेल्या खेपेला आमच्या फाशांच्या खेळात नऊ जणांनी मिळून मी चालवतो तो कल्पनेतला राक्षस त्याची पाळी यायच्या आतच लोळवला. म्हणून आज त्याची ताकद दुप्पट केली. तर पहिल्याच फटक्यात वांगणीहून आलेली स्नेहल बाद! बाकीचे लढत बसले आणि ती मुठीत फासा धरून नुसती बघत होती. शेवटी उठून तिनेच सगळ्यांना चहा केला.

राक्षस दुबळा केला तर पोरखेळ, तगडा केला तर हे असं. की एकाऐवजी चार छोटे हवे होते? काही कळत नाही.

निघताना स्नेहल म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी नुसती बघायला आले तर चालेल?"

"अगं, ये की!" म्हणालो. मूर्ख मी.

तिचा फासा चहाच्या ट्रेमध्येच राहिलाय. गेल्या वेळी राक्षसाची पाळी आली नाही, आज तिची.