बांधावरचा बिब्बा

मी, लहानी कोम धर्मा वेखंडे, वय सत्तरीपुढे, धंदा शेती, राहणार मौजे शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके नाही. शाळेची पायरी कधी चढले नाही, म्हणून अक्षर शेजारच्या जयरामचे; शब्द माझे. कोणी फूस लावलेली नाही. मला फूस लावणारा अजून जन्मायचा आहे.

१. ओढ्याकाठचे भाताचे शेत माझ्या बापाने मला चोळीबांगडीला दिले. त्यावर नवऱ्याचा हक्क नव्हता, मुलाचाही नाही. तरी ते मुलगा महिपत यास देते. सगळेच सुनेला दिले तर तो तिला जन्मभर कोर्टात फिरवील.

२. शेताच्या मधल्या बांधावर बिब्ब्याचे रानटी झाड आहे. ते झाड, तो बांध, त्यावरची झोपडी आणि रस्त्यापासूनची पायवाट थोरली सून राही हिला देते. मूल होत नाही म्हणून महिपतने तिच्या डोक्यावर शकूला सवत म्हणून आणली. शकूशी माझे भांडण नाही. तिला पितळी परात द्यावी.

३. झाड राहीलाच का, तेही लिही, जयराम. यंदाच्या शिमग्यात महिपतने जळणाला त्याची फांदी तोडली. मी ओरडले, "अरे, फोड येतील! चुलीत नको घालू!"

"म्हातारे, तू सगळ्यात बिब्बा घालतेस," म्हणाला, आणि घातली चुलीत. धुराने त्याचे तोंड भोपळ्याएवढे सुजले, डोळे मिटले. राहीने खोबरे चावून लावले, चिंचेचा पाला वाटून लेप दिला. डोळे उघडले तसा तो तिलाच म्हणतो, "तू अजून हितंच? शेत कोळशाच्या ठेकेदाराला देतोय. तू माहेरी जा."

राही म्हणाली, "जाईन. आधी तो डावा डोळा धुवून घ्या."

४. झाडाचे पीक राहीचे. पिवळी बोंडे भाजून नाहीतर सुकवून खावीत. काळी बी फोडताना हाताला तेल लावावे; आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत घालावी. आवणीच्या चिखलात पाय चिरले तर बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरावा आणि सुटेल ते तेल भेगेत सोडावे. शेणव्यातली निम्मी पावले या झाडावर चालतात. खोकल्याला पोटात मात्र राहीखेरीज कोणी देऊ नये. थेंब चुकला तर माणूस फोड येऊन आतून उततो.

५. ठेकेदाराला भट्टीसाठी शेत सलग हवे. बांध मधोमध आहे. म्हणजे राहीच्या अंगठ्याशिवाय सौदा नाय. राही, अंगठा देऊ नकोस. महिपत पाया पडला तरी नको. तू मऊ आहेस, म्हणून कागदावर सांगते.

६. दळायचे जाते धोंडूबाईकडे उसने गेले आहे, ते तिलाच राहू दे. माझ्या दिवसाला मात्र तिने "माझी लहानी गो" करत गळा काढू नये.

७. अग्नी महिपतनेच द्यावा. चितेत बिब्ब्याचे लाकूड घालू नये. खांदेकऱ्यांनी माझे काही वाईट केलेले नाही.

जयराम म्हणतो, शाईचा अंगठा ओला झाला की पसरतो. परीट कपड्यावर खूण करतो ती बिब्ब्याने. दगडावर आपटली तरी जात नाही. म्हणून अंगठा बिब्ब्याच्या तेलात बुडवून उठवते. मला तो कधीच उतला नाही. महिपत म्हणेल, मरतानाही म्हातारीने बिब्बा घातला.

हा बघ, घातला.

निशाणी डावा अंगठा: लहानी कोम धर्मा वेखंडे

हस्ताक्षर: जयराम रघू निचिते

साक्षीदार: लखमा महादू विशे
चांगो बुधू वाघ (अंगठा उठवताना कागद यानेच धरला. खोबरे लावले आहे.)

मुक्काम शेणवा, तारीख १२ एप्रिल १९४४