सुई टेकवायची जागा

बाबा, तुमची हिरव्या लेबलाची रेकॉर्ड मी ती काढणाऱ्या कंपनीला दिली.

त्याच कंपनीच्या जुन्या शास्त्रीय रेकॉर्डांची माहिती मी आता लिहिते. आपल्या घरातली पहिली पदवी अशा कामाला लागेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. कंपनी लहानच होती. मोठ्या कंपन्यांनी न घेतलेल्या गायिकांना ती सुट्टीत शाळेच्या रिकाम्या वर्गात बसवून त्यांचं गाणं रेकॉर्ड करून घ्यायची. तुमच्या रेकॉर्डवर गाणाऱ्या बाईंची ती एकच रेकॉर्ड निघाली. मूळ टेप ओलीने खराब झाली आणि दुसरी प्रत शोधूनही मिळाली नाही. एक होती, ती वडशाला आपल्या घरी, तुमच्या भोंग्यांच्या पेटीत.

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की तुम्ही नाटकांना माइक लावायला गावोगाव जायचात, शाळा नसली की मीही सोबत. मंडप भरेपर्यंत बाकीचे कॅसेट लावतात, तुम्ही ही रेकॉर्ड लावता. नाटकवाले कावतात, "पब्लिक खुर्च्या फेकन भाऊ, सिधं गाण्यावर जा." म्हणून तुम्ही आलाप सोडून सुई थेट बंदिशीवर टेकवता, दरवेळी त्याच जागी. खट्ट होतं आणि बाई गायला लागतात. त्याच्या आधी काय आहे, असं मी एकदा विचारलं.

"काई नाई. बाई गळा साफ करून राह्यली."

मी ते खरंच मानलं होतं. कंपनीत रेकॉर्ड सुरुवातीपासून लावली तेव्हा कळलं, आलाप बराच मोठा आहे आणि त्यावर एक ओरखडा नाही, कारण तिथे सुई फारशी फिरलीच नाही. मग तुमची जागा येते. तिथे खळगा पडला आहे. त्याचा खट्ट आवाज यंत्राने काढता येतो. काढायचा की ठेवायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. तुमचं गावोगावचं काम म्हणून मागे राहिलेलं तेवढंच आहे, हे मला ठाऊक होतं. पण बाईंना गायची एकच संधी मिळाली होती, आणि तिच्यात मधेच कुणी दार वाजवू नये, असं मला वाटलं. मी म्हणाले, काढा.

आता ती रेकॉर्ड स्वच्छ वाजते. आलाप मला अजून नीटसा कळत नाही. तो संपत आला की मी आजूबाजूला कुणी नाही ना बघते, आणि तुमच्या जागेवर जिभेने हळूच खट्ट करते.