तपासणीत पास होणारी लाल गाडी

११ मे. संध्याकाळ.
गाडी घेतली. जुनी, पण स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोनच सीटची. बटण दाबलं की पुढचे दिवे झाकणातून वर येतात. दादाचं म्हणणं, घरात माणसं चार, मग पाळीपाळीने बसायचं का? साधी डबा गाडी घ्यायची होती. त्याला समजावलं की हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही. वाहन तपासणीचे जाहीर निकाल मी सगळे वाचलेत. या वयाच्या गाड्यांत हे मॉडेल सर्वांत कमी वेळा नापास होतं. डबा गाड्या धडाधड नापास होतात. बाबा आमच्या लॉन्ड्रीतली इस्त्री उभी करून म्हणाले, "ती शिकलेली आहे. तिला कळतं." आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. विषय संपला.

टेकडीपलीकडच्या शाळेतली नोकरी या गाडीच्या जोरावरच मिळाली आहे. तिकडे बस जात नाही. आधीच्या शिक्षिका पोचायच्याच नाहीत, वर्ग आपला बसून. म्हणून मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी एकच विचारलं, स्वतःचं वाहन आहे का. मी हो म्हणाले. तेव्हा नव्हतं, पण तत्त्वतः होतं. १५ जूनला पहिल्या घंटेला हजर व्हायचं. नाहीतर निवडयादीतल्या दुसऱ्या बाईंना घेणार.

संकल्प: रोज सकाळी ऑइल बघणे. इंजिन स्वतः शिकणे.

१३ मे
सुरू झाली नाही. याला बिघाड म्हणता येणार नाही. नव्या माणसाशी जुळायला वेळ लागतोच.
ऑइल बघितलं नाही. बॉनेट कुठून उघडतं ते सापडलं नाही.

२१ मे
तपासणी. नापास. ब्रेक एका बाजूला ओढतात, सायलेन्सरला भोक, डावा दिवा वर येतो आणि उजवा झोपून राहतो. तपासनीसांना या मॉडेलची सरासरी सांगितली. ते म्हणाले, सरासरी गाडी घेऊन या, लगेच पास करतो. सरकारी खात्यात आकडेवारीबद्दल इतकी उदासीनता असावी, याचं वाईट वाटलं.
घरी आल्यावर दादाने विचारलं, तुझी गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा का मारते?

२२ मे
जुन्या मालकांना फोन केला. भांडायचंच ठरवलं होतं, पण गृहस्थ फार सभ्य. दर तपासणीत गाडी पास झाली, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, असं म्हणाले. कुठे कुठे न्यायचात, म्हणून विचारलं. म्हणाले, "न्यायचो असं नाही. दर रविवारी पुसायचो. अलीकडे गुडघ्यांमुळे तेवढंही होईना."
म्हणजे सगळं निगा राखण्यावर आहे. मला वाटलंच होतं.
संकल्प: दर रविवारी गाडी पुसणे. (ऑइलचा संकल्प तूर्त स्थगित.)

२ जून
गाडी अजून गॅरेजमध्ये. गॅरेजवाल्यांना सगळे 'होऊन जाईल काका' म्हणतात. पार्ट मिळत नाहीत, कारण मॉडेल दुर्मिळ. थोडा अभिमान वाटला.

७ जून
गाडी आली. शाळेच्या रस्त्यावर ट्रायल. शेजारच्या सीटवर बाबा, ठेवणीतला शर्ट घालून. चढावर इंजिन तापलं. बाबांनी उतरून ढकलली, वळवली. येताना उतारावर सुरेख चालली. आईला सांगितलं, अर्धा रस्ता अगदी उत्तम गेला. ती म्हणाली, "शाळा कुठल्या अर्ध्यात आहे?"
आईचा स्वभाव आधीपासून नकारात्मक.

९ जून
पास. एकही दोष नाही. दादाने कागद दोनदा वाचला. काकांनी बजावलं, चढावर ताणू नका आणि मधूनमधून सुरू करत जा. पहिलं पटलं. असा निकाल मिळवणं सोपं नसतं, तो टिकवायला हवा. म्हणून पंधरा तारखेपर्यंत गाडीला पूर्ण विश्रांती. लॉन्ड्रीत कुणी न्यायला न आलेल्या चादरी जोडून बाबांनी कव्हर शिवलं.

१४ जून, रविवार
पुसली. तिच्यात बघून वेणी घालता येईल.
वर्गातलं पहिलं वाक्य तयार: मुलींनो, निर्णय नेहमी माहितीच्या आधारे घ्या.

१५ जून. दुपार.
बॅटरी उतरलेली. दादा कामावर गेलेला. आई, बाबा आणि कोपऱ्यावरचे रद्दीवाले, तिघांनी मिळून ढकलली. सुरू झाली. चढाच्या मध्यावर थांबली. पुढे चालत गेले. पोचले तेव्हा दुसरा तास चालू होता आणि वर्गावर यादीतल्या दुसऱ्या बाई होत्या. त्या सायकलने आल्या होत्या.
मी मुख्याध्यापिकाबाईंना तपासणीत पास झाल्याचा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"वाहनाचं विचारलं होतं, ते येण्यासाठी," म्हणाल्या.

१६ जून
दादाने दोर बांधून गाडी ओढत आणली. एकही टोमणा मारला नाही. आईने न विचारता चहा दिला. घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं सगळे हळू बोलतात.
शांतपणे विचार केला. दोष गाडीचा नाही, रोजच्या चढाचा आहे. बाबांना सांगितलं, जवळपासचीच एखादी शाळा बघते, चालत जाण्यासारखी. रोज काढली तर गाडीचा निकाल बिघडेल.
बाबांनी हातातल्या शर्टाची कॉलर पुन्हा एकदा दाबली. मग विचारलं, "आणि गाडीने कुठे जायचं?"
म्हटलं, पुढच्या तपासणीला.