मिठाची काळी ज्योत

साडूभाऊ सावळीराम यांस पिंपळगावहून रंगनाथचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? साधनाताईंचा खोकला गेला का? इकडे सगळे धडधाकट आहेत. फक्त आमच्या योगिनीचं ठरत आलेलं लग्न मोडायला आलंय आणि मला आनंदाने वेड लागायची पाळी आलीय. (दोन्ही एकाच संध्याकाळी झालं. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र.)

तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेला सोडियमचा दिवा तुम्ही मला दिला होता ना, तो मी घरापुढच्या ओट्यावर लावलाय. उजेड पिवळाधमक, पण त्यात दुसरा रंग औषधालासुद्धा नाही. टोमॅटो काळे, मिरच्या काळ्या, आणि आमची ही म्हणते, आरशात मढं दिसतं. योगिनीला तर तो दिवा नजरेसमोर नको असतो. पण परवा निफाडच्या लंकाबाई मुलाला घेऊन पसंती पक्की करायला आल्या, तेव्हा तिने आपण होऊन तो लावला. बीएस्सी झाल्यापासून पोरीला बापाच्या वस्तूंची किंमत कळायला लागली, म्हणून मला अगदी भरून आलं.

पोहे झाले, चहा झाला. लंकाबाई म्हणाल्या, "पोर लय देखणी हाय, दिष्ट काढते." (त्या उजेडात देखणी! माउलीचं मन किती मोठं बघा.) आता मीठ-मोहरी टाकायला चूल कुठून आणायची? योगिनी पळत गेली, छोटी गॅसशेगडी आणून बरोब्बर दिव्यासमोर मांडली, आणि "मोहरी राहू द्या, नुसतं मीठच टाका, चांगलं मूठभर" असं किती अदबीने म्हणाली! लंकाबाईंनी मूठ सोडली आणि साडूभाऊ, ज्योत काळी झाली! काजळासारखी काळी! आणि भिंतीवर तिची सावली नाचायला लागली. ज्योतीला सावली पडलेली बघितलीय का कधी?

लंकाबाई किंचाळल्या, "आग काळी पडली! या घरात कायतरी हाय!" आणि उजव्या पायात डावी चप्पल घालून गाडीत जाऊन बसल्या. मी खिडकी धरून ओरडतोय, अहो, तापलेलं मीठ अंधारात जो पिवळा रंग बाहेर टाकतं, तोच पिवळा समोरून आला की गिळून टाकतं! जे द्यायचं तेच घ्यायचं, ज्याचा त्याचा रंग ठरलेला! प्रत्यक्ष सूर्याच्या उजेडातसुद्धा त्या पिवळ्याच्या जागी काळ्या रेघा आहेत! सूर्यातही काळं आहे म्हटल्यावर मुलाने गाडी जी हाणली, ती थेट निफाडला. तीस वर्षं मी हे फळ्यावर खडूने शिकवलं, डोळ्यांनी परवा पाहिलं. मी ओट्यावर अक्षरशः नाचलो. हिने झाडूच्या दांड्याने दिवा फोडला आणि तेव्हापासून अबोला धरलाय.

घरातल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. मुख्य काम राहिलंच. लंकाबाईंचा निरोप आलाय: आमच्या घरी तसाच दिवा लावून आमच्या मिठाने आग काळी करून दाखवा, मग मानू की खोट उजेडात आहे, पोरीत नाही. तेव्हा रविवारी कॉलेजातला दुसरा दिवा घेऊन याच. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना सहज योगिनीला विचारलं, बाई गं, तुला नको असलेला दिवा नेमका त्याच दिवशी का लावलास? मान खाली घालून म्हणाली, "बाबा, हे लग्न नको म्हणून तोंडाने सांगितलं, ते तुम्ही दोघांनी ऐकलं कुठे? मग तुम्हीच शिकवलेलं वापरलं." मी आठवून आठवून सगळं तपासलं: ज्योत, मीठ, दिव्याची जागा. एक चूक नाही हो!

दिवा आणू नका. तुमच्याकडे एमएस्सी फिजिक्सचे प्रवेश कधी सुरू होतात तेवढं कळवा. हिला अजून काही माहीत नाही. ते साधनाताईंनी सांगावं, आणि त्या वेळी मी घरी नसेन असं बघावं.