हाताखालचा हात

बाई, तुम्ही वारल्याचं त्या मुलीला सांगायचं काम अखेर माझ्यावर आलं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढा उशीर आमच्या खात्याच्या परिपत्रकालाही होत नाही. ती आता अठराची आहे. दिसत नाही, ऐकू जवळजवळ येत नाही, पायांत बळ नाही, हे सगळं तुम्ही सोडून गेलात तसंच. काल सर्वणहून तिची आई आली आणि वर्गाच्या दारातच म्हणाली, "सर, तें अजून बाईंक सोदता. घरांतूय कोणाक उजव्या वटेन बसूंक दिना. म्हाका आतां भंय दिसता. तुमी ताका सांगून सोडा." मुलगी अजून तुम्हाला शोधते, घरीही उजवीकडे कोणाला बसू देत नाही, म्हणून आईला भीती. मी हो म्हणालो. तुमच्या हाताखाली राहून हो म्हणायची जी खोड लागली, तीच ही.

डिचोलीच्या या विशेष मुलांच्या शाळेत मी आलो तो हायस्कुलात संस्कृतला मुलं उरली नाहीत म्हणून. पहिल्याच दिवशी मी तिचा हात वरून धरून वाटीकडे नेला. तुम्ही पेडण्याच्या बसमधून उतरून नुकत्याच आत येता, पदर खोचता आणि माझ्याकडे न बघताच म्हणता, "शास्त्रीबुवा, तुमचे डोळे धरून कोणी ओढले तर चालेल? तिचे डोळे बोटांत आहेत. आपला हात खाली, तिचा वर. नको असेल तेव्हा ती उचलेल." मग तुम्ही हात टेबलावर ठेवून थांबलात. इतका वेळ थांबलात की मला वाटलं, डुलकी लागली. तिची बोटं आली, तुमच्या तांब्याच्या कड्यावरून फिरली, बाईच आहेत अशी खात्री झाली, आणि तुमच्या हातावर हात ठेवून ती कुलेरीपर्यंत गेली. चमचा हा शब्द तुम्ही कधी वापरलाच नाहीत. प्रत्येकाच्या मनगटावर तिला ओळखता येईल अशी एक खूण हवी, हा तुमचा नियम. मला तुम्ही रुद्राक्ष दिलात. "संस्कृतवाल्याला शोभेल," म्हणालात. मी तो अजून घालतो, आणि लोक मला उगाच भाविक समजतात.

तिच्या दिवसाचं वेळापत्रक म्हणजे खणांची लांब पेटी. पहिल्या खणात तुमच्या कड्याच्या जोडीचं दुसरं कडं, म्हणजे बाई येणार. दुसऱ्यात कुलेर, म्हणजे पेज. तिसऱ्यात दोरीचा तुकडा, म्हणजे झोका. एकेक झालं की ती वस्तू शेजारच्या टोपलीत टाकायची: संपलं. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी तिला ते कडं टोपलीत टाकायला लावलं. तिनं शांतपणे टाकलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन तोच खण चाचपला. तिचं बरोबरच होतं. तिच्याकडे संपलेलं सगळं उद्या परत येतं. पेज येते, झोका येतो. न्यायशास्त्रातले अभावाचे चार प्रकार मी एके काळी घडाघडा म्हणत असे. नष्ट झालेल्याचा अभाव त्यातच आहे, पण तो पेटीत कुठं ठेवायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत चार दिवस ती जेवली नाही. घरी आईच्या हातून दोन घास, तेवढेच.

पाचव्या दिवशी मी लबाडी केली. टोपलीतलं ते कडं मनगटात चढवलं, रुद्राक्ष खिशात टाकला आणि हात तिच्या हाताखाली ठेवला. तिची बोटं कड्यावरून माझ्या मनगटाच्या केसांवर आली. थांबली. मग तिनं ते कडं ओढून काढलं, खणात परत ठेवलं, खुर्चीत जरा डावीकडे सरकली आणि उजवा हात हवेत धरला, तळवा खाली, कोणाच्या तरी हातावर ठेवावा तसा. तो हात खाली गेला, कुलेर घेऊन वर आला, ओठांपाशी थांबला, तुम्ही फुंकर घालायचात तेवढाच वेळ, आणि ती जेवली.

तेव्हापासून ती तशीच जेवते. मी अहवालात लिहिलं, 'स्वतंत्रपणे जेवते.' वरिष्ठ खूश झाले. मदतनीस मावशी मात्र पेजेच्या वेळी तिच्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची लावते. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "असूं दी, सर. बाईंक उबें कित्याक दवरप?" तुम्हाला उभं कशाला ठेवायचं, एवढाच तिचा सवाल. एके दिवशी वीज गेली होती, खिडक्या बंद होत्या. ओठांपाशी कुलेर थांबली आणि पेजेची वाफ एका बाजूला कलली. हे अहवालात नाही.

आज मी ठरवून त्या खुर्चीत बसलो. मावशी नुसतं "सर!" म्हणाली. रुद्राक्षाचा हात मी तिच्या हाताखाली सरकवला. तिनं मणी चाचपला, मला ओळखून किंचित हसली, माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि थोपटला. मग तिचा हात पुन्हा माझ्या छातीपुढे, हवेत, होता तिथं गेला आणि सावकाश वाटीकडे निघाला.

तिला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, असं उद्या तिच्या आईला सांगेन. तुम्ही गेलात हे माझ्या केसाळ मनगटानंच तिला कळवलं होतं. त्यानंतर तिनं काय ठरवलं, ते तिचं. हे पत्र कपाटात राहील. तुमचा आताचा पत्ता फक्त तिलाच ठाऊक, आणि ती सांगायची नाही. एक लिहायचं राहिलं. अकरा वर्षांत तिनं माझा हात एकदाही मागितला नाही. आज उठताना मी त्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "मला तुमचा हेवा वाटतो." मावशीनं ऐकलं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.